वचनचिठ्ठ्या

माणसाला एखादा छंद असावा, असे आपण सगळेच म्हणतो. फक्त तो आपल्या ओळखीचा असावा, एवढीच आपली माफक अपेक्षा असते. पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्याला कुणी हसत नाही. अडकित्ते, दिवे आणि दौती जमवता जमवता दिनकर केळकरांनी पुण्यात आख्खे संग्रहालय उभे केले. त्यांच्यापुढे तर आपण हात जोडतो. पण मराठी शिकवणारा एक प्राध्यापक अमेरिकेच्या जुन्या कागदी नोटा जमवतो, असे कळले की समोरच्याच्या चेहऱ्यावर प्रथम अविश्वास, मग काळजी आणि शेवटी कुतूहल अशा तीन छटा उमटतात, आणि मग तो तीन प्रश्न विचारतो. पहिला, "त्या चालतात का हो?" दुसरा, "आज विकल्या तर किती येतील?" आणि तिसरा, जरा आवाज खाली आणून, "घरी माहीत आहे ना?"

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. घरी माहीत आहे. आमच्या सौभाग्यवतींचे या विषयावरचे मतही कायम झालेले आहे. "आपल्या घरात चालू नोटा टिकत नाहीत, म्हणून हे बंद पडलेल्या सांभाळतात," असे ती आल्यागेल्याला सांगते. आईचे मत अधिक कृतिशील होते. एकदा मी कॉलेजातून परत आलो तो टेबलावर इस्त्री तापत ठेवलेली, आणि शेजारी माझी १८९९ सालची एक डॉलरची नोट पसरून ठेवलेली. "किती चुरगळलीय रे ती, म्हटलं जरा नीट करून ठेवावी," आई म्हणाली. मी वेळेवर पोचलो. जुनी नोट धुऊ नये, इस्त्री करू नये, चिकटपट्टीने तर मुळीच जोडू नये. तिच्या सुरकुत्या हाच तिच्या वयाचा दाखला असतो. हे आईला पटवताना मी सहज म्हणून गेलो, "म्हातारपण लपवलं की किंमत उतरते." आईने आपल्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला आणि हसली. तेव्हापासून इस्त्री आणि माझा आल्बम यांची गाठ पडलेली नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे खेदजनक आहे. माझ्या आल्बममध्ये एकतीस नोटा आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक इतक्या हाताळलेल्या, की धनिक संग्राहक त्यांच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. या छंदात श्रीमंतांचा रस्ता निराळा असतो. १८९० साली अमेरिकेच्या खजिन्याने एक हजार डॉलरची एक नोट काढली. तिच्या मागच्या बाजूचे तीन शून्य असे भरीव, हिरवे आणि रेघारेघांचे आहेत, की लोकांनी तिचे नाव 'कलिंगड' पाडले. आज ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहे. २०१४ साली त्यांतली एक लिलावात ३२ लाख ९० हजार डॉलरला गेली. एवढ्या पैशात प्रत्यक्ष कलिंगडे घेतली तर पुण्याला किती उन्हाळे पुरतील, याचा हिशेब आमच्या मुलीने एकदा करून पाहिला होता. आकडा वहीच्या ओळीत मावेना, म्हणून सोडून दिला. अशी नोट मी पुस्तकातल्या चित्रातच पाहतो. दागिन्यांच्या दुकानाची काच बाहेरून बघायला पैसे पडत नाहीत.

माझ्या संग्रहाची सुरुवात झाली ती मात्र अगदी खुर्द्यापासून. चौदा वर्षांपूर्वी माझा आतेभाऊ न्यू जर्सीहून आला. सगळ्यांना चॉकलेटे वाटून झाल्यावर त्याने माझ्या हातात एक पाकीट ठेवले. "तुला जुने कागद आवडतात ना, घे." आत आगपेटीपेक्षा थोडी मोठी अशी एक कागदाची चीप होती. वर वॉशिंग्टनचा चेहरा, मागची बाजू तांबूस, आणि किंमत दहा सेंट. दहा सेंटांची नोट! आपल्याकडे कुणी दोन आण्यांची नोट काढली असती, तर भाजीवालीने तिची पुडी बांधून त्यात मिरच्या दिल्या असत्या. मी त्या रात्री पुस्तक उघडून बसलो, आणि तेव्हापासून बसलोच आहे.

गोष्ट अशी, की १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. युद्ध पेटले की जगाच्या पाठीवर सगळीकडे माणूस एकच गोष्ट करतो : सोनेनाणे, चांदीनाणे लपवून ठेवतो. १८६२ च्या उन्हाळ्यापर्यंत तिथल्या बाजारातून मोडसुद्धा नाहीशी झाली. सुटे म्हणून लोक पोस्टाची तिकिटे देऊ लागले. आता मागे डिंक लावलेले तिकीट उन्हाळ्यात खिशात ठेवले की काय होते, ते मुंबईच्या माणसाला सांगायला नको. तेव्हा सरकारने तिकिटांचीच चित्रे असलेल्या चिमुकल्या नोटा छापल्या. मग तीन, पाच, दहा, पंधरा, पंचवीस आणि पन्नास सेंटांच्या नोटा निघत गेल्या, त्या १८७६ पर्यंत. ज्यांना आपण क्षुल्लक रक्कम म्हणतो, तिच्यासाठीही एका सरकारला सही करून वचन द्यावे लागले.

या नोटांच्या पोटात माणसांचे स्वभावही छापले गेले आहेत. नोटा छापणाऱ्या खात्याचा प्रमुख स्पेन्सर क्लार्क याने पाच सेंटांच्या नोटेवर खुशाल स्वतःचेच चित्र छापले. काँग्रेसमध्ये गहजब झाला, आणि १८६६ साली कायदाच झाला, की हयात माणसाचे चित्र यापुढे नोटांवर येता कामा नये. पाच सेंटांत अमर होण्याचा याहून स्वस्त मार्ग मला ठाऊक नाही. त्याच्या वरचढ निघाला अर्थमंत्री सॅमन चेस. १८६२ सालच्या एक डॉलरच्या नोटेवर त्याचे चित्र आहे. राष्ट्राध्यक्ष होण्याची त्याला हौस होती आणि एक डॉलरची नोट घरोघर जाते! पुढे राष्ट्राध्यक्षपद हुकले, पण तो सरन्यायाधीश झाला. १८७० साली त्याच्यासमोर प्रश्न आला, की अशा नोटा जुन्या कर्जाच्या फेडीत सावकाराला सक्तीने घ्यायला लावता येतील का? आणि चेसने निकाल दिला, येणार नाहीत! स्वतः काढलेल्या, स्वतःचे चित्र असलेल्या नोटांविरुद्ध त्याने निकाल दिला. पुढच्याच वर्षी न्यायालयाने तो फिरवला, हा भाग वेगळा. पण आपल्या तसबिरीपेक्षा आपले मत मोठे मानणारा माणूस म्हणून मला चेसबद्दल आदर वाटत आला आहे.

त्याच काळात खजिनदार स्पिनर याने नोटांचे मोठे ताव कात्रीने कापायला बायका नेमल्या. पुरुष सैन्यात गेले होते, आणि कात्री बायकांच्या हातात अधिक सफाईने चालते, असे त्याचे म्हणणे होते. पगार पुरुष कारकुनांपेक्षा बराच कमी. तरी सरकारी कचेरीचे दार त्यांच्यासाठी उघडले ते उघडले. माझ्या दहा सेंटांच्या नोटेची एक कड किंचित तिरपी आहे. ती तशी का, हे मी उगाच ठरवून टाकले आहे : कापणारीचे लक्ष क्षणभर रणांगणावरच्या कुणाकडे तरी गेले असावे.

युद्धाच्या आधीची कथा तर याहून रंगतदार. तेव्हा तिथे नोटा सरकार काढीतच नसे. निरनिराळ्या संस्थानांच्या परवान्याने चालणाऱ्या शेकडो खाजगी बँका आपापल्या नोटा काढीत. हजारो तऱ्हेच्या नोटा, त्यांत खऱ्या, खोट्या, आणि खऱ्या बँकेच्या पण बुडालेल्या. दुकानदार गल्ल्याशेजारी खोट्या नोटा ओळखण्याचे मासिक ठेवी आणि गिऱ्हाइकाने नोट पुढे केली की पंचांग बघावे तसे ते चाळून बघे. १८३७ नंतर मिशिगनमध्ये सरकारी तपासनीस बँकांची तिजोरी पाहायला जात, तेव्हा त्यांना अशीही पिंपे सापडली, की वर चांदीच्या नाण्यांचा थर आणि खाली खिळे! कित्येकदा तीच नाणी तपासनिसांच्या पुढे धावत एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पोचत. आपल्याकडची हुंडी मला इथे आठवते. हुंडीवर ना चित्र, ना वेलबुट्टी. पण पेढीचे नाव खरे असले की काशीपर्यंत चाले. मिशिगनच्या नोटांवर सुंदर देवता, जहाजे, बैलजोड्या. फक्त पिंपात खिळे. कागद जितका देखणा तितकी शंका अधिक, असा नियमच करावासा वाटतो.

पण नियमाला अपवाद असतो. १८९६ साली अमेरिकेने एक, दोन आणि पाच डॉलरच्या अशा नोटा काढल्या, की त्यांना चित्रे म्हणून भिंतीवर लावावे. एक डॉलरच्या नोटेवर इतिहासदेवता एका मुलाला जवळ घेऊन समोरचे शहर दाखवीत आहे, शेजारी राज्यघटनेचा ग्रंथ उघडलेला आहे, आणि कडेने थोर पुरुषांची तेवीस नावे गुंफली आहेत. शिक्षकाच्या पेशातल्या माणसाला ही नोट पाहून भरून येणे साहजिक आहे. व्यवहारी माणसांनी मात्र तक्रार केली, की नोटा लवकर मळकट दिसतात, आकडे चटकन वाचता येत नाहीत. तीन वर्षांत ती मालिका गुंडाळली गेली. इतिहास शिकवणे आणि सुटे पैसे देणे ही दोन कामे एकाच कागदाला झेपली नाहीत.

आल्बमच्या अकराव्या पानावर मात्र मी फार वेळ थांबू शकत नाही. तिथे दक्षिणेकडच्या बंडखोर सरकारची १८६२ सालची शंभर डॉलरची नोट आहे. दुरून पाहिले तर शेतीचे एक निवांत चित्र. जवळून पाहिले तर ती कापसात राबणारी गुलाम माणसे आहेत. आपल्या वैभवाची खूण म्हणून काय छापावे, असे त्या सरकारने स्वतःला विचारले, आणि उत्तर हे दिले! त्या नोटेवरचा मजकूरही वाचण्यासारखा आहे. दोन्ही सरकारांत तहनामा मंजूर झाल्यावर सहा महिन्यांनी पैसे देऊ. तह कधी झालाच नाही. ते सरकारच १८६५ साली संपले, आणि १८६८ साली अमेरिकेच्या राज्यघटनेत दुरुस्ती होऊन त्याची सगळी कर्जे रद्दबातल ठरली. म्हणजे हे वचन मोडलेलेही नाही आणि पाळलेलेही नाही. ते अजून त्या तहाची वाट बघत माझ्या कपाटात पडून आहे. मुलीने एकदा विचारले, "बाबा, ही ठेवायची कशाला?" मी म्हणालो, "ती माणसं कुणाला विसरता येऊ नयेत म्हणून." ती त्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिली, मग तिनेच पान उलटले.

आता पहिला प्रश्न उरला : त्या चालतात का? या प्रश्नाचे उत्तर मला न्यू जर्सीकडून मिळाले नाही. ते कोकणातून मिळाले.

माझे पणजोबा मुंबईला एका गिरणीत हिशेबनीस होते आणि पणजी राजापूरकडे खेड्यात राहत असे. पहिल्या महायुद्धात एकदा ते गावी आले, ते पगाराच्या नोटा घेऊन. पणजीने त्यांना हात लावला नाही. "कागद भिजतो, कागद जळतो, कागदाला उंदीर खातात. रुपया वाजतो. मला वाजणारे आणून द्या," असे तिने बजावले. पणजोबा पुढच्या खेपेला बंदे रुपये घेऊन आले. हे आजोबा आम्हांला हसत हसत सांगत, आणि आम्हीही पणजीच्या अडाणीपणाला हसत असू.

पुढे या छंदापायी मी १९१८ सालचा इतिहास वाचला आणि माझे हसू थांबले. त्या वर्षी पणजीसारखीच लाखो माणसे कागद देऊन चांदी मागत होती. युद्धाच्या बातम्या वाईट, सरकारकडचा चांदीचा साठा आटत चाललेला, मुंबईच्या चलन-कचेरीपुढे नोटा मोडून घेणाऱ्यांची झुंबड. आदल्याच वर्षी सरकारने एक रुपयाची नोट काढली होती, लगेच अडीच रुपयांचीही काढली. लोकांचे समाधान होईना. तेव्हा ब्रिटिश सरकारने अमेरिकेकडे चांदी मागितली. एप्रिल १९१८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने पिटमन कायदा केला, आणि त्याखाली चांदीचे सुमारे २७ कोटी डॉलर वितळवले गेले. त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानात आली आणि तिचे रुपये पडले. तिकडे अमेरिकेत त्या चांदीच्या आधारावर ज्या नोटा चालत होत्या, त्या मागे घ्याव्या लागल्या. त्यांच्या जागी एक आणि दोन डॉलरच्या नव्या नोटा आल्या. एक डॉलरच्या नोटेच्या मागे झेंडा धरलेला गरुड, आणि दोन डॉलरच्या मागे लढाऊ जहाज.

तो गरुड माझ्या आल्बममध्ये आहे. कुणा अमेरिकन माणसाला ती नोट का हाताळावी लागली? कारण राजापूरकडच्या एका बाईने कागद घ्यायचे नाकारले! तिला अमेरिका कुठे आहे हे ठाऊक नव्हते. पण तिच्यासारख्या बायाबापड्यांनी मान हलवून नाही म्हटले, म्हणून सातासमुद्रापलीकडच्या नोटांची नक्षी बदलली.

पणजीने ते रुपये एका तांब्याच्या गडूत ठेवले होते. ते कुठे कुठे गेले, हाच आमच्या घराण्याचा इतिहास. काही जमिनीच्या खटल्यात गेले, काही आत्याच्या लग्नात. मी एम. ए.ला असताना वडिलांचे मोठे आजारपण आले, तेव्हा आईने उरलेले अकरा सोनाराच्या तराजूत घातले, आणि माझी फी चुकली नाही. एक तेवढा तिने मागे ठेवला, लक्ष्मीपूजनासाठी. तो १९१९ सालचा आहे. त्यात अमेरिकेची चांदी असेल, नसेलही. मी मात्र तो हातात घेतला की गरुडाची नोट आठवल्याशिवाय राहत नाही.

वाजणाऱ्या पैशावरून कागदावर विश्वास ठेवायला आमच्या घराला दोन पिढ्या लागल्या. आईने तो ठेवला, आणि पूर्ण ठेवला. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्याचे जाहीर झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने तुरीच्या डाळीचा डबा माझ्यापुढे आणून ठेवला. डाळीखाली पिशवीत पाचशेच्या सेहेचाळीस नोटा होत्या. तेवीस हजार रुपये. सौ.लाही ठाऊक नव्हते, मलाही नाही. "कशासाठी गं?" मी विचारले. आई म्हणाली, "माझ्या शेवटच्या खर्चाला. तुमच्यावर पडू नये म्हणून."

मुदतीच्या आत ते सगळे तिच्या खात्यात जमा झाले. एक पैसा बुडाला नाही. पण पुष्कळ घरांतल्या पुष्कळ डब्यांचे जे झाले, ते आमच्याही डब्याचे झाले : त्याचे गुपित गेले. वर्षानुवर्षे दहा-पाच वाचवून एका बाईने स्वतःच्या हक्काची जी एक जागा केली होती, ती एका सकाळी सगळ्या घरापुढे उघडी करावी लागली. बँकेच्या पुस्तकात आकडा बरोबर आहे. पण आईने त्यानंतर डब्यात काही ठेवले नाही. मी सुचवूनही नाही.

मध्यंतरी मी तिला सांगत होतो, की अमेरिकेने १८६१ पासून काढलेली कुठलीही नोट आजसुद्धा छापील किमतीला चालते. अर्थात तिथेही सगळी वचने जशीच्या तशी राहिली नाहीत. सोन्याच्या नोटांवर सोने देण्याचे वचन १९३३ साली बंद झाले, चांदीच्या नोटांवर चांदी देण्याचे १९६८ साली. पण डॉलरला डॉलर मिळतो. माझ्या आल्बममधल्या, बंडखोरांच्या आणि बुडालेल्या बँकांच्या नोटा सोडल्या, तर बाकीच्यांचे कायद्याने सतरा डॉलर पासष्ट सेंट येतील. घ्यायला लागले त्याच्या कितीतरी पट. आईने तो हिशेब कानाआड केला. तिने एवढेच विचारले, "म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी एखादीनं डब्यात ठेवलेली नोटसुद्धा चालेल?"

"चालेल."

"मग तिथल्या बायकांना बरं आहे," ती म्हणाली आणि वाती वळू लागली.

त्या चालतात का, या प्रश्नाला मी पूर्वी कायद्याचे उत्तर देत असे. हल्ली मला वाटते, की चालणे हा नोटेचा गुण नव्हेच. रुपया स्वतः वाजतो. कागदाला आवाज नाही, त्याच्या वतीने कुणीतरी शब्द द्यावा लागतो. तो शब्द पिंपातल्या खिळ्यांवर उभा आहे, गुलामांच्या पाठीवर उभा आहे, की खरोखरच कुणाच्या इमानावर, हे पाहण्यासाठी मी हे एकतीस कागद सांभाळले आहेत. सतरा डॉलर पासष्ट सेंटांत एवढे शिकवणारी शाळा स्वस्तच म्हणायची.

यंदा लक्ष्मीपूजनाला १९१९ चा रुपया तबकात असेलच. गरुडाची नोट शेजारी ठेवू का, असे मी आईला विचारले आहे. "ठेव, पण पणतीपासून लांब," ती म्हणाली, "कागद आहे तो."